वेश बदललेलं रॅन्समवेअर कसं पकडायचं

रॅन्समवेअर म्हणजे फाइली एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. सुरुवात फाइलच्या नावापासून करा. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून ‘व्ह्यू’, मग ‘शो’ आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन्स, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाची शेपटी, लपवतं, त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही प्रोग्रॅमची फाइल नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते, चिन्हही पीडीएफचंच लावलेलं असतं. टिक केल्यावरही एक चकवा उरतो. नावात यू+२०२ई हे न दिसणारं युनिकोड चिन्ह घातलं, की पुढची अक्षरं उलट क्रमाने दिसतात आणि खरं एक्स्टेन्शन शेवटी दिसत नाही. म्हणून ‘डिटेल्स’ मांडणीतला ‘टाइप’ रकाना बघा. तिथे ‘ॲप्लिकेशन’ (म्हणजे प्रोग्रॅम) असेल, तर नाव काहीही असो, उघडू नका.

खरी पंचाईत विश्वासातल्या प्रोग्रॅमची. जुलै २०२१मध्ये कसेया कंपनीच्या दुरून देखभाल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या रेव्हिल या रॅन्समवेअरने मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसचीच जुनी, अस्सल डिजिटल सहीची फाइल आणली आणि तिच्याकरवी शेजारी ठेवलेली घातक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमने चालवायची कोडची फाइल) चालवली. रॅग्नार लॉकर या रॅन्समवेअरने २०२०मध्ये तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज एक्सपी बसवून आतूनच फाइली एन्क्रिप्ट केल्या. बाहेरच्या अँटिव्हायरसला दिसला तो फक्त व्हर्च्युअलबॉक्स. असे डाव ॲडमिन अधिकारांवर, म्हणजे संगणकात काहीही बदलण्याच्या परवानगीवर, चालतात. रोजचं काम साध्या खात्यातून करा, आणि दुरून देखभाल करणारी सॉफ्टवेअर गरजेपुरतीच ठेवा, कारण त्यांच्याकडे हे अधिकार आधीच असतात.

आता ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा. ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ चालू हवं. नाहीतर हल्लेखोर आधी डिफेंडरच बंद करतो. खाली ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू करा, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला महत्त्वाच्या फोल्डरांतल्या फाइली बदलता येत नाहीत. दुसरा अँटिव्हायरस असेल तर हे चालत नाही. चालू केल्यावर हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर अडतं आणि लोक वैतागून सगळंच बंद करतात. त्याऐवजी तेवढाच प्रोग्रॅम परवानगीच्या यादीत घाला. पॉवरशेल हे विंडोजचं आज्ञा चालवायचं साधन मात्र त्या यादीत कधीच नको.

विंडोजच्या शॅडो कॉपींवर (विंडोज स्वतः ठेवतं त्या फाइलींच्या जुन्या प्रती) विसंबू नका. ‘व्हीएसएसॲडमिन’ हे विंडोजचंच साधन वापरून त्या आधी पुसल्या जातात. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही एन्क्रिप्ट होते.

संगणक आपणहून रीस्टार्ट होऊन सेफ मोडमध्ये (मोजक्याच प्रोग्रॅमनिशी चालणारं विंडोज) आला, तर लगेच वीज तोडा. २०१९मध्ये स्नॅच या रॅन्समवेअरने संगणक असाच सेफ मोडमध्ये नेला होता, कारण तिथे बरेच अँटिव्हायरस सुरूच होत नाहीत. मग डिस्क दुसऱ्या यंत्रावर तपासायला द्या. भारतातल्या कंपन्यांना अशी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावी लागते.