त्वचेवरचे डाग: आधी ओळखा, मगच काही लावा

नवा डाग दिसला की हात आधी एखाद्या ट्यूबकडे जातो. तिथेच थांबा. काळ्या आणि पांढऱ्या डागांवरचे उपचार वेगळे हे उघड आहे, पण दोन काळे डागही एकाच औषधाने जातील असं नसतं. चुकीचं क्रीम लावलं तर डाग तसाच राहतो, आणि पुष्कळदा आणखी गडद होतो.

त्वचेला रंग देतं ते मेलॅनिन. त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी असलेल्या पेशी ते तयार करतात. त्वचा गोरी असो की सावळी, या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यावर रंग ठरतो. ऊन, दाह किंवा हार्मोन्समुळे त्यांचं काम वाढलं की गडद डाग पडतात. त्या मंदावल्या किंवा नष्ट झाल्या की त्वचा फिकी होते.

पायरी 1: डाग नीट बघा

दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा, कारण रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही.

मुरूम, पुरळ, भाजणं किंवा कीटक चावणं बरं झाल्यावर त्याच जागी तपकिरी खूण राहिली असेल, तर ती दाहानंतरची आहे. सावळ्या त्वचेवर अशा खुणा जास्त उमटतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप फिक्या होतात. छटा निळसर-राखाडी असेल तर रंग खोलवर उतरला आहे; त्याला वर्षंही लागतात. दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर पसरलेले तपकिरी चट्टे म्हणजे बहुतेक वेळा वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन ही त्याची नेहमीची कारणं.

मानेवर किंवा काखेत त्वचा काळी, जाडसर आणि मखमली झाली असेल तर ती घासू नका. तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणून रक्तातली साखर तपासून घ्या. मूळ कारण आटोक्यात आलं की मानही उजळते.

फिक्या डागांत सर्वांत जास्त गोंधळ होतो. छातीवर, पाठीवर किंवा खांद्यांवर लहान लहान ठिपके असतील तर त्यावरची त्वचा दोन बोटांनी ताणा किंवा नखाने हलकेच खरवडा. बारीक कोंडा निघाला तर ते बहुधा शिबे, म्हणजे बुरशीचा संसर्ग. मुलांच्या गालांवरचे फिकट, कोरडे चट्टे बहुतेकदा सौम्य इसबाचे असतात. खडूसारखा पांढराशुभ्र, स्पष्ट कडांचा डाग कोडाचा असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर हल्ला करते. कोड स्पर्शाने पसरत नाही, सोबत राहिल्याने किंवा एका ताटात जेवल्यानेही नाही, आणि हे ठामपणे सांगायची गरज अजूनही आहे.

डाग फिका किंवा लालसर असेल तर आणखी एक तपासणी करा. ज्याला डाग आहे त्याला डोळे मिटायला सांगा आणि कापसाचं वळलेलं टोक आधी निरोगी त्वचेला, मग डागाला लावा. डागावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची शक्यता असते. घाबरू नका, पण उशीरही करू नका. बहुऔषधी उपचारांनी तो पूर्ण बरा होतो. मज्जातंतूंना एकदा इजा झाली तर ती मात्र भरून येईलच असं नाही.

तीळ किंवा काळा डाग आकार बदलत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच डागात अनेक रंग दिसत असतील किंवा रक्त येत असेल, तर घरी काहीच लावू नका. थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तळपाय आणि नखांखालची जागाही बघायची, तिथे कुणाचं लक्ष जात नाही.

पायरी 2: कारण थांबवा

मुरूम येतच असतील तर जुन्या खुणांवर क्रीम लावून काय होणार? आधी मुरमांवर उपचार करा. ती फोडू नका, खपली काढू नका. खाज असेल तर ती शमवा. एखाद्या प्रसाधनाने जळजळ होत असेल तर ते बंद करा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा संशय असेल तर त्यांनाच विचारा.

पायरी 3: उन्हापासून जपा

गडद डागांवर हे केलं नाही तर बाकीचं सगळं फुकट जातं. किमान एसपीएफ 30 चं (एसपीएफ म्हणजे उन्हाने त्वचा भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं त्याचं माप) आणि यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाणाऱ्या अतिनील किरणांपासूनही संरक्षण देणारं सनस्क्रीन घ्या. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची एकेक रेघ, एवढं लागतं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. यूव्हीए काचेतूनही आत येतात, त्यामुळे खिडकीशेजारी बसणाऱ्यांनीही टाळाटाळ करू नये. वांग साध्या प्रकाशानेही वाढतं. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी. टोपी आणि छत्री आहेतच.

पायरी 4: औषध एकेक करून

गडद खुणांसाठी नियासिनामाइड किंवा ॲझेलेइक ॲसिड या डाग फिके करणाऱ्या घटकांच्या क्रीमपासून सुरुवात करा. आधी कानामागे थोडं लावून काही दिवस बघा. सोसलं तरच चेहऱ्यावर, आणि दोन नवी क्रीम एकदम कधीच नाही. 8 ते 12 आठवड्यांनी पहिल्या फोटोशी ताडून बघा. रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध, रात्री लावतात. गरोदरपणात ते टाळायचं. हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारं औषध प्रभावी आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि काही महिनेच. वर्षानुवर्षं लावलं तर त्यानेच निळसर-काळे डाग पडू शकतात.

शिब्यांवर केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइड ही बुरशीवरची औषधं चालतात. बुरशी मेल्यावरही रंग परतायला महिने लागतात. कोंडा थांबला असेल तर औषधाने काम केलेलं आहे, ते लावतच राहू नका. कोडासाठी लावायची औषधं आणि ठरावीक तरंगलांबीच्या (311 नॅनोमीटर) अतिनील किरणांचे उपचार असतात. लवकर सुरू केले तर फायदा जास्त; पांढऱ्या डागात केसांच्या मुळांभोवती तपकिरी ठिपके दिसू लागले की रंग परततोय असं समजा.

पायरी 5: हे लावू नका

लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि त्या जागी नवा काळा डाग पडतो. घटकांची यादी नसलेलं, झटपट गोरं करण्याचा दावा करणारं क्रीम घेऊच नका. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि तो मूत्रपिंडांना इजा करतो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते सल्ल्याशिवाय लावलेल्या स्टिरॉइडच्या क्रीमने. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, म्हणून माणूस फसतो. मग त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. महिनोन्महिने असं क्रीम लावत असाल तर मनाने बंद करू नका. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कशी कमी करत न्यायची ते तेच ठरवून देतील.