न्यूझीलंडच्या डोंगरात पहिली रायफल: ट्रायपॉड आणि स्कोप घेण्याआधी

दक्षिण बेटावर राहायला आलात की पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी हरणाच्या मांसाचं पुडकं हातात ठेवतं आणि विचारतं, "येणार का एकदा शिकारीला?" आपण दचकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना शिकार म्हणजे गुन्हा एवढंच माहीत. इथली गोष्ट वेगळी आहे. वटवाघळं सोडली तर या बेटांवर जमिनीवरचा सस्तन प्राणी मुळात नव्हताच. हरणं माणसांनी आणून सोडली, ती बेसुमार वाढली आणि रान खाऊ लागली. आपल्या ताडोबात दिसतं ते सांबरसुद्धा १८७५ मध्ये सिलोनहून इथे आलं, आणि हिमालयातला ताहर हा रानबकरा १९०४ मध्ये आओराकीच्या (माउंट कुकच्या) पायथ्याशी सोडला गेला. त्यामुळे बहुतेक सरकारी रानात लाल हरणाला बंदीचा हंगाम नाही.

पण आपल्याला हे शिकवणारा मामा-काका घरात नसतो. म्हणून आपण व्हिडिओ बघतो आणि पगार झाला की सामान आणतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या बहुतेक नव्या मुलांचा पहिला प्रश्न एकच होता: "दादा, कुठला ट्रायपॉड घेऊ? आठशे मीटरवर मारता आलं पाहिजे." माझं उत्तर ठरलेलं आहे. ट्रायपॉड आधी दुर्बीण बसवून बघण्यासाठी घ्यायचा, रायफल टेकवून मारण्यासाठी नंतर.

त्याआधी कागदपत्रं. बंदुकीचा परवाना वयाच्या सोळाव्या वर्षापासून मिळतो. सुरक्षेचा कोर्स, परीक्षा, तुम्हाला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती आणि घरातल्या कुलूपबंद कपाटाची तपासणी, हे सगळं पार पडतं तेव्हा. जून २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंदही करावी लागते. परवाना नसेल तर परवानाधारकाच्या अगदी शेजारी, त्याच्या देखरेखीखाली चालवता येते, आणि पहिलं वर्ष तसंच काढा असं मी म्हणेन. सरकारी रानासाठी संवर्धन खात्याची परवानगी वेगळी. ती ऑनलाइन काढायची आणि सोबत बाळगायची. त्याच वेळी त्या भागात विषारी आमिष टाकलंय का तेही बघा, कारण तिथलं मांस खायचं नाही. मांस वाटता येतं, विकता येत नाही. डीअरस्टॉकर्स असोसिएशन या शिकाऱ्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेत नाव घाला. त्यांचा 'हंट्स' हा नवशिक्यांचा कोर्स कुठल्याही महागड्या काचेपेक्षा जास्त कामाचा आहे.

आता सामान. तुम्ही उत्तर बेटावर घनदाट झाडीत शिकार करणार असाल, तर ट्रायपॉड घरीच ठेवा. तिथे हरीण पन्नास पावलांवर दिसतं आणि दोन सेकंदांत नाहीसं होतं. ट्रायपॉडचं खरं राज्य इकडे दक्षिण बेटावर, आमच्या कँटरबरीकडे, जिथे घळीच्या एका अंगाला बसून समोरचा गवताळ उतार तासन् तास न्याहाळायचा असतो.

चौरंग शेणाने सारवलेल्या जमिनीवर डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाही. तीन पाय कुठल्याही उंचसखल जागी बसतात, म्हणूनच हे साधन. घेताना मधला वर-खाली होणारा दांडा नसलेला घ्या. तो दांडा वर केला की वाऱ्यात काठीसारखा थरथरतो. पायांचे जोड जितके कमी तितका ताठपणा जास्त. प्रत्येक पाय वेगवेगळ्या कोनात पसरता आला पाहिजे, कारण उतारावर वरचा पाय जवळजवळ आडवा आणि खालचा सरळ, अशी बैठक लागते. कार्बन फायबरचा साधारण दीड-दोन किलोत मिळतो, ॲल्युमिनियमचा जड पण स्वस्त. दिवसभर चढायचं असेल तर तो किलोभर फरक संध्याकाळी गुडघ्यांना कळतो. वर बॉल हेड (सगळीकडे वळणारं डोकं) आणि आर्का पद्धतीची, चटकन अडकवता-काढता येणारी पट्टी घ्या, म्हणजे दुर्बीण काढून त्याच जागी रायफल बसवता येते.

भारतातून कॅमेऱ्याचा ट्रायपॉड आणला असेल तर दुर्बिणीसाठी तो पहिलं वर्षभर छान चालेल. फक्त विमानतळावर तो जाहीर करा आणि आधी पाय घासून धुवा. सह्याद्रीतला चिखल चिकटलेला ट्रायपॉड किंवा बूट या देशात चालत नाही.

मी बघण्याचा एवढा आग्रह का धरतो, ते सांगतो. एप्रिल महिना, लेक समनर फॉरेस्ट पार्क. नर माजावर असतात, डरकाळीसारखा आवाज काढतात, आणि शिकारीही तोच आवाज काढून त्यांना बोलावतात. संध्याकाळी समोरच्या उतारावरून डरकाळी आली. माझ्याबरोबरच्या मुलाने झुडपाशेजारी तांबूस ठिपका दाखवला. "हालतोय, दादा, मान वळवली!" हातातल्या दुर्बिणीतून मलाही क्षणभर मान दिसली. मी दुर्बीण ट्रायपॉडवर चढवली, हात काढून घेतले आणि बघत बसलो. काच स्थिर झाली की डोळा तपशील वेचायला लागतो. चार-पाच मिनिटांनी त्या ठिपक्याने थर्मासचं झाकण उघडलं. तपकिरी जाकीट घातलेला माणूस होता, आणि ती डरकाळी त्याचीच होती. त्या मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही टॉर्च हलवून त्याला इशारा केला आणि तिथून निघालो.

इथल्या सात सुरक्षा नियमांतला चौथा म्हणतो, लक्ष्य काय आहे याबद्दल तिळमात्र शंका उरता कामा नये. शिंग, कान, मान, खांदा, सगळं जोडून एक पूर्ण जनावर दिसेपर्यंत ते जनावर नाही. आणि ही ओळख पटवायची ती दुर्बिणीतून, स्कोपमधून, म्हणजे रायफलवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीतून, कधीही नाही. स्कोपमधून बघणं म्हणजे रायफलची नळी त्या दिशेला रोखणं. समोर माणूस असला तर तुम्ही त्याच्यावर नेम धरलेला असतो.

म्हणून पैशांची वाटणी करताना चांगली दुर्बीण आधी, मग ट्रायपॉड, मग स्कोप. स्कोपला ३-९x४० पुरेसा आहे: तीन ते नऊ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. काचेचा आकडा पटीने भागा. नऊ पटीवर डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत साडेचार मिलिमीटरसुद्धा भरत नाही, चारवर तो दहा होतो. हरणं बाहेर येतात पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणून अंधुक उजेडात पट कमी करा. चित्र उजळतं आणि आजूबाजूचंही दिसतं.

स्कोप बसवताना जाड जाकीट घालून, बसून, नेहमीसारखा नेम धरून बघा. डोळा आणि काच यांत नऊएक सेंटिमीटर अंतर हवं. चढावर वर नेम धरताना ते अंतर नकळत घटतं आणि दणक्याने स्कोपची कड भुवईवर बसते. माझ्या उजव्या भुवईवरचा व्रण तसाच आलाय.

झीरो करणं म्हणजे गोळी आणि स्कोपमधली नेमाची फुली यांची गाठ घालणं. त्यासाठी स्कोपवरची चकती फिरवायची, ती एकेका क्लिकने सरकते. पाव एमओएच्या (एमओए हे कोन मोजायचं एकक) स्कोपवर एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. गोळ्या ७ सेंटिमीटर खाली लागत असतील तर दहा क्लिक वर. मिलरॅडियनचा (हेही कोनाचंच एकक) स्कोप असेल तर एक क्लिक १ सेंटिमीटर, म्हणजे सातच. एका गोळीवरून कधी फिरवू नका, तीन मारून त्यांचा मध्य धरा. आणि कच्च्या रस्त्यावरून गाडी हादरत आली असेल तर नेमबाजीच्या रेंजवर पुन्हा तपासा.

ट्रायपॉडवर रायफल तोलाच्या जागी, दस्त्याच्या पुढच्या भागावर टेकवा. नळी टेकवलीत तर गोळी भलतीकडे जाते. उभं राहून मारण्याचा मोह टाळा, बसा. मी एक पाय सावजाच्या दिशेला ठेवतो आणि अंग हलकेच पुढे झोकतो. पाठीवरची सॅक मांडीवर घेऊन दस्त्याच्या मागच्या टोकाखाली सारा. पुढचा आधार सगळे देतात, फुली डोलते ती मागून. काडतूस नळीत चढवायचं ते अगदी शेवटी. भरलेली रायफल ट्रायपॉडवर अडकवून क्षणभरही उठायचं नाही. आणि कड्याच्या माथ्यावर, मागे आकाश असलेल्या जनावरावर गोळी नाही, कारण ती पलीकडे कुठे उतरेल हे कुणालाच दिसत नाही.

आठशे मीटरचं म्हणाल, तर रेंजवर टेबल सोडून जमिनीवर बसा, थोडं धावून दम लागू द्या आणि १५ सेंटिमीटरच्या ताटलीवर पाच गोळ्या मारा. पाचही जिथपर्यंत ताटलीत बसतात, तेवढीच तुमची मर्यादा. माझी २५० मीटर आहे. त्यापलीकडचं हरीण मी बघतो, किंवा त्याच्या जवळ जातो. जखमी जनावर रात्रभर रानात तडफडत राहावं, हे मला सोसत नाही.

हरीण पडलं की लगेच धावत सुटू नका. रायफल रिकामी करा, दुर्बीण पुन्हा ट्रायपॉडवर चढवा, ती जागा मधोमध धरून हेड घट्ट आवळा. घळ उतरून पलीकडे चढलात की सगळं गवत एकसारखं दिसतं. सोबती असेल तर त्याला दुर्बिणीपाशी बसवा, तो हाताने डावं-उजवं दाखवेल. एकटे असाल तर ट्रायपॉडच्या पायाला भगव्या-नारिंगी रंगाची फीत बांधून मगच निघा, म्हणजे पलीकडून मागे वळून बघताना निदान कुठून निघालो ते दिसेल.