स्टेज रेससाठी माउंटन बाइक घेताय? मग पाचव्या दिवसाचा विचार करून घ्या

दुकानात गेलं की सायकल एका हाताने उचलून बघायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते, हलकी लागली की मन तिथेच बसतं. एका दिवसाच्या रेसला ते एकवेळ चालून जाईल, पण स्टेज रेसमध्ये रोज एक टप्पा असतो, सलग सात-आठ दिवस रोज पाच-सहा तास चालवायची असेल तर उचलून काहीच कळत नाही. ऑलिंपिकमधली क्रॉस कंट्री रेस साधारण दीड तासात संपते, आणि दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही स्टेज रेस प्रोलॉग (सुरुवातीचा छोटा टप्पा) धरून 8 दिवस चालते, 600 किलोमीटरच्या वर अंतर आणि 15 हजार मीटरच्या आसपास चढ. लांबून दोन्हीकडच्या सायकली सारख्याच दिसतात पण काम पार वेगळं आहे. म्हणून मी प्रत्येक पार्ट बघताना स्वतःला एकच विचारतो, पाचव्या दिवशी दुपारी, झोप अर्धवट झालेली, तळहात सुजलेले, अशा वेळी ही गोष्ट मला साथ देईल का?

सगळ्यात आधी रेसचा रूट बघा, सायकल नंतर. ट्रान्सआल्पसारख्या रेसमध्ये आल्प्सचे लांबच लांब चढ असतात आणि कच्चे रस्तेही भरपूर, तर कॅनडातली बीसी बाइक रेस म्हणजे मुळं, दगड, एका वेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद पायवाटा (सिंगलट्रॅक). दोन्हीसाठी एकच सायकल सुचवणारा माणूस तुम्हाला रूट न विचारताच सांगतोय असं समजा.

आता हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन) की फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे). माझं मत स्पष्ट आहे, चार दिवसांच्या वर रेस असेल आणि बजेटमध्ये बसत असेल तर फुल सस्पेन्शनच घ्या. मी पहिली चार दिवसांची रेस हार्डटेलवर केली, दोन दिवस मजेत गेले, तिसऱ्या दिवशी कंबर इतकी धरली की सपाट रस्त्यावरसुद्धा सीटवर बसवत नव्हतं, उभं राहून पेडल मारत राहिलो आणि पाय लवकर संपले. हार्डटेलमध्ये वाईट काही नाही, देखभाल कमी, पिव्हट (फ्रेमचे हलणारे सांधे) नाहीत, बेअरिंग कमी, आणि रूटमध्ये कच्चे रस्ते जास्त असतील तर ती मस्तच चालते. पण मागच्या चाकाचा प्रत्येक धक्का शेवटी तुमच्याच पाठीत जमा होतो आणि तो रात्रीच्या झोपेत पूर्ण वजा होत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नवीन धक्के चढतात.

वजनाचं काय, हा प्रश्न लगेच येतो. तर हिशोब करू. तुम्ही, सायकल, पाणी सगळं मिळून 85 किलो धरा. त्यात 1 किलो वाढला तर तासाभराच्या खड्या चढाला साधारण 40 सेकंद जास्त लागतील, दिवसभरात तीन तास चढ असला तरी दोन मिनिटं. एक टायर फाटला, प्लग (भोक बुजवायची पट्टी) शोधला, हवा भरली, यात दोन मिनिटं कधीच निघून जातात, आणि उतारावर घाबरत ब्रेक दाबत आलात तर त्याहून जास्त. म्हणून 100 ते 120 मिलिमीटर ट्रॅव्हलची (सस्पेन्शन तेवढं दबतं) फुल सस्पेन्शन ही बहुतेकांसाठी योग्य जागा. मी तर 120 कडे झुकतो, कारण थकलेला माणूस दगडांमधून जायची लाइन चुकतो आणि चुकल्यावर तो जास्तीचा ट्रॅव्हल सांभाळून घेतो. 140-150 वाली ट्रेल बाइक मात्र खूपच टेक्निकल रूट असेल तरच. चाकं 29 इंच, यावर फार चर्चेची गरज नाही.

गिअर. इथे लोक अहंकारापायी चुकतात. पुढे 34 दातांची चेनरिंग (पेडलजवळची चकती) पाहिजे कारण प्रो लोक तेवढी किंवा त्याहून मोठी लावतात, अहो पण त्यांचे पाय वेगळे. पुढे 32 आणि मागे 51 असेल तर 29 च्या चाकावर एका पेडल फेऱ्यात तुम्ही जवळपास 1.45 मीटर पुढे जाता, म्हणजे मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी 5 किलोमीटरच्या थोडं वर. आता सहाव्या दिवशी 15 टक्के चढावर तुम्ही खरंच तेवढ्या वेगाने जाणार आहात का ते बघा, नसाल तर 30 लावा. सपाटीवर थोडा वेग जाईल, जाऊ दे, गुडघे राहतील. मागे 10-51 किंवा 10-52 ची 12 स्पीड कॅसेट (मागच्या चाकाच्या चकत्यांचा संच) असली की पुढे एकच चेनरिंग पुरते.

एक गोष्ट जी कॅटलॉगमध्ये कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही ती म्हणजे फ्रेमच्या आत दोन बाटल्या बसतात का. बऱ्याच फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये एकच बसते, आणि छोट्या साइजमध्ये तर ती पण लहानच. मग उरलेलं पाणी पाठीवर, म्हणजे दीड-दोन किलो दिवसभर खांद्यावर. नुसतं बोल्ट आहेत म्हणून खूश होऊ नका, भरलेल्या मोठ्या बाटल्या घेऊन जा, लावून बघा, काढून बघा.

टायरवर पैसे वाचवू नका. हलके कागदासारखे टायर पहिल्या खडकाळ उतारावर साइडवॉलला (बाजूला) फाटतात आणि ती चीर सीलंटने (टायरच्या आत ओतलेलं, भोक बुजवणारं द्रव) भरत नाही. 2.3 ते 2.4 इंच रुंद, बाजूला मजबुती दिलेले, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), प्रत्येकी शंभर-दीडशे ग्रॅम जास्त वजन असलं तरी चालेल. फ्रेममध्ये एवढा रुंद टायर बसून चिखलाला जागा उरते का तेही बघून घ्या, चिखल अडकून चाकच फिरेना झालं तर खांद्यावर घेऊन चालावं लागतं.

ब्रेकला पुढे 180 मिलिमीटरची डिस्क असू दे, लांब उतारावर बोटं कमी दुखतात. ड्रॉपर पोस्टही (चालवता चालवता सीट खाली-वर करणारा दांडा) घ्याच, थकल्यावर उतारावर सीट खाली गेली की जीवात जीव येतो, चारशे-पाचशे ग्रॅमसाठी रडू नका.

मग दुरुस्ती. रेसमध्ये रात्री आठला एखादा पार्ट हवा असतो आणि तिथल्या मेकॅनिकपुढे रांग असते, तेव्हा विचित्र स्टँडर्डची फ्रेम महागात पडते. डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) सहज मिळणारा आहे का (यूडीएच, म्हणजे अनेक कंपन्यांच्या फ्रेमना चालणारा एकच हँगर, असेल तर उत्तमच, तरी एक स्पेअर बॅगेत ठेवाच), बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या अक्षाचं बेअरिंग) आट्यांचा आहे का, केबल बदलायला अर्धी सायकल खोलावी लागते का, हे सगळं घेण्याआधी विचारा. दोघांच्या टीमची रेस असेल तर पार्टनरशी बोलून शक्यतो सारखेच हँगर, ब्रेक पॅड आणि चेन ठेवा, म्हणजे एकच स्पेअर दोघांना पुरतो. केप एपिकमध्ये तर दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहायचं असतं, त्यामुळे पार्टनरची सायकल बिघडली म्हणजे तुमचीच बिघडली. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर चार्जर आणि जादा बॅटरी, विसरायचं नाही.

सेकंड हँड घेत असाल तर सस्पेन्शनची सर्व्हिस कधी झाली ते नक्की विचारा. रॉकशॉक्स ही सस्पेन्शन कंपनी फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) खालच्या पायांची सर्व्हिस दर 50 तासांनी करायला सांगते, आणि सात दिवस रोज सहा तास म्हणजे 42 तास झाले, एका रेसमध्येच सर्व्हिसची मुदत जवळपास संपते! म्हणजे सर्व्हिस करूनच स्टार्ट लाइनवर जायचं.

कार्बन की अल्युमिनियम यात मी फार अडकत नाही. कार्बन फ्रेम आणि साधे टायर, साधे ब्रेक, यापेक्षा अल्युमिनियम फ्रेम आणि चांगलं सस्पेन्शन, चांगले टायर कधीही बरं.

शेवटी साइज आणि बसण्याची पद्धत. दहा मिनिटांची टेस्ट राइड फसवते, खाली वाकलेली रेसिंग पोझिशन दहा मिनिटं छानच वाटते. जमलं तर तीच सायकल भाड्याने किंवा मित्राकडून घेऊन सलग तीन दिवस, रोज किमान चार तास चालवा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसल्या बसल्या पहिलं काय दुखलं ते लिहून ठेवा. मान दुखली तर हँडल वर घ्या, हात बधिर झाले तर ग्रिप बदला, बूड दुखलं तर सीट. हे सगळं रेसच्या किमान महिनाभर आधी उरकलेलं पाहिजे, त्यानंतर सीट, शूज, क्लीट (शूज पेडलला अडकवणारी पट्टी) कशालाच हात लावायचा नाही.