ट्रेलर जोडला की गाडी तापते, दम सोडते: आधी काय झालं ते शोधा

"मिस्त्री, ट्रेलर लावला की गाडी तापते आणि चढाला ओढतच नाही." ही तक्रार आली की बॉनेट उघडण्याआधी मी एकच विचारतो: आधी तापमानाचा काटा वर गेला, की आधी पिकअप गेला? बहुतेकांना सांगता येत नाही. मग थर्मोस्टॅट बदला, वॉटर पंप बदला, फॅन बदला असा अंदाजपंचे कारभार सुरू होतो.

क्रम विचारायचं कारण असं की, आजच्या कॉमन रेल डिझेलमध्ये (एका सामाईक नळीत जास्त दाबाने डिझेल ठेवणारं इंजिन) पाणी ठरावीक मर्यादेपुढे तापलं की इंजिनचा कंट्रोलर स्वतःच डिझेल तोडतो. तिथे पिकअप जाणं हा बिघाड नसतोच, इंजिन स्वतःला वाचवत असतं. उलटही घडतं. टर्बोची (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची) हवा कुठे गळत असेल तर गाडी ओढत नाही म्हणून ड्रायव्हर पाय दाबून ठेवतो. डिझेल जास्त, हवा कमी, एक्झॉस्ट लाल होतो आणि पाणी त्याच्या मागून तापतं. वरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

म्हणून एक साधा स्कॅनर (कंट्रोलरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा आणि नेहमीचाच ट्रेलर जोडून नेहमीच्याच चढावर गाडी घाला. स्क्रीनकडे बघायला शेजारी दुसरा माणूस हवा, ड्रायव्हरने रस्ताच बघायचा. पाण्याचं तापमान, इनटेकच्या हवेचं तापमान, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), आरपीएम आणि रेल प्रेशर (डिझेलचा दाब, कंट्रोलरने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं) एवढ्याची नोंद ठेवा. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो मधल्या मोठ्या टप्प्यात मुद्दाम हलतच नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. लांब चढावर पाणी ९० वरून १०० अंशांपलीकडे थोडं जाऊन तिथे स्थिरावलं तर घाबरायचं कारण नसतं, नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते. ते थांबता थांबत नसेल तर मात्र पुढे वाचा.

बूस्ट नीट आहे, रेल प्रेशर नीट आहे आणि पाणी चढतंय, तर दोष थंड करण्याच्या बाजूला. हळू चढावर तापते आणि सपाटीला वेग घेतला की उतरते, तर फॅन किंवा हवेची वाट बघा. सपाटीला वेगातही तापते, तर पाणी आतून फिरत नाही.

सुरुवात पुढच्या जाळीपासून करा. एसीचा कंडेन्सर, त्यामागे इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), त्यामागे रेडिएटर अशी थप्पी असते (काही गाड्यांत इंटरकूलर वेगळीकडे असतो). समोरून बघितलं तर कंडेन्सर धुतलेला, चकचकीत. पण टॉर्च घेऊन वरच्या बाजूने मधल्या फटीत डोकावलं की खरी गंमत दिसते: धूळ, किडे, गवताच्या काड्या, आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेल्या तेलाने हे सगळं एकमेकांना चिकटून झालेला घोंगडीसारखा थर. बोटाने ओढला तर सलग पट्टी निघते. रिकामी गाडी या थराला दाद देत नाही, ट्रेलर लागला की लगेच कळतं. शिवाय हा एकच थर दोन्ही तक्रारी एकदम देतो, कारण इंटरकूलरही झाकला जातो, टर्बोची हवा गरमच आत जाते, आणि गरम हवेत ऑक्सिजन कमी. माझ्या मते ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत पहिला संशय इथेच घ्यावा. साफ करताना प्रेशर वॉशर जवळून मारू नका, जाळीचे पातळ पत्रे आडवे होतात. साबणाचं पाणी मुरू द्या आणि साध्या धारेने मागून पुढे धुवा. थप्पी सैल करून मधे जागा केल्याशिवाय हे काम पुरं होत नाही.

मग फॅन. बेल्टवरचा व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावर आतला क्लच पकडून जोरात फिरणारा) असेल तर गरम झाल्यावर चढाला त्याचा घोंघाट ऐकू यायलाच हवा. पाणी वर जातंय आणि फॅन गप्प, तर क्लच गेला. गरम इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवा: जड फिरला तर ठीक, भिंगरीसारखा फिरत राहिला तर बदला. क्लचच्या मध्यावर तेलकट धूळ दिसली तरी तेच.

पाण्याची पातळी आणि रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार असतानाच बघायचं. झाकण क्षुल्लक समजू नका: १ बारचं झाकण दाब धरून असेल तर साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं, दाब सुटला की १०० लाच. थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून भांड्यात पाण्यासोबत तापवा, जवळ थर्मामीटर धरा. त्यावर छापलेल्या आकड्याला तो उघडायला लागला पाहिजे, आणि पुढे पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट रिकाम्या गाडीला पुरतो, ट्रेलरला नाही. काढून फेकून द्यायचा सल्ला मात्र ऐकू नका. गार चालणारं डिझेल इंजिन काजळी करतं आणि जास्त पितं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर रेडिएटरभर फिरवा. मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्यात. खालचा होज रेस दिल्यावर आत चपटा होत असेल तर तोही बदला.

सकाळी गार गाडी सुरू केली आणि मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, किंवा पाण्यात बुडबुडे सुटत राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. लगेच हेड खोलू नका. ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा गॅस पाण्याने गार करणारा) फुटला तरी अगदी हीच लक्षणं येतात. आधी कूलर वेगळा करून दाबाची चाचणी घ्या. हेड गॅस्केट (हेडखालची सील) त्यानंतर.

आता दुसरी बाजू: बूस्ट आधी पडतो. धूर बघा. काळा असेल तर हवा कमी. एअर फिल्टर बघून थेट इंटरकूलरच्या होजकडे जा. रबराची चीर बहुधा खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला असते. आयडलला ती मिटलेली, लोडवर दाब आला की ओठासारखी उघडते, आणि चढाला फुस्स असा आवाज येतो. टर्बोच्या हवेत तेलाचा अंश असतो, म्हणून गळतीच्या जागी ओलसर काळा डाग राहतो. तो डाग शोधा, हात खाली घालून. सापडला नाही तर इनटेकमध्ये बेताचा दाब भरून साबणाचं पाणी मारा. होज ठीक असतील तर टर्बोच्या व्हेन (आतली हलणारी पाती) काजळीने अडकल्यात का, त्या हलवणाऱ्या ॲक्चुएटरचा दांडा पूर्ण हलतो का, हे बघा. सेन्सरवर शंका असेल तर इंजिन बंद, चावी चालू: मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या) दाबाचा आकडा समुद्रसपाटीला १०० किलोपास्कलच्या जवळ हवा, उंचीवर त्याहून कमी.

दम नाही पण धूरही नाही, आणि मागितलेल्या रेल प्रेशरपेक्षा मिळालेलं खाली घसरतंय, तर डिझेल पुरत नाही. डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, नळीचा हवा घेणारा जोड, या क्रमाने बघा. एक्झॉस्टचा डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) भरला असेल तरी गाडी गळा दाबल्यासारखी चालते. त्याचा दाब स्कॅनरवर दिसतो.

इंजिन सोडून बाहेरही बघा. थोडं चालवून थांबा आणि ट्रेलरच्या प्रत्येक हबवर थर्मामीटर धरा. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक धरून बसलाय, नाहीतर बेअरिंग गेलंय. तसंच, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबून चढणं सोडा. पंप आणि फॅन सावकाश फिरतात आणि उष्णता मात्र सगळी तयार होते. एक गिअर खाली घ्या. ऑटोमॅटिक असेल तर टो मोड (ट्रेलर ओढतानाची सेटिंग) लावा.

चढावर काटा वर गेलाच तर पाय कमी करा, एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सुरक्षित जागी थांबून न्यूट्रलला थोडी रेस ठेवा. पाणी सांडून गेलं असेल किंवा खडखड ऐकू आली तर इंजिन ताबडतोब बंद. झाकणाला हात लावायचा नाही.

दुरुस्तीनंतर तोच ट्रेलर, तेवढंच वजन, तोच चढ, आणि पुन्हा तीच नोंद. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बूस्ट आणि पाण्याचे आकडे जुळवा. नवीन होज टाकला असेल तर काही दिवसांनी त्याच्या क्लिपा एकदा परत आवळा, रबर बसलेलं असतं.