लहान मुलांसाठी शिकवणारा गेम: कोड लिहायच्या आधी

इयत्ता ठरवा, विषय ठरवा. विषय मात्र ‘गणित’ एवढा मोठा नको, ‘हातच्याची वजाबाकी’ इतका नेमका हवा. मग पात्रं, रंग, संगीत यांच्या नादी लागण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहा: मुलाने चुकीचं उत्तर दिलं की पडद्यावर काय होणार? मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं. बरोबर उत्तराला साधी चांदणी मिळायची, चुकलं की राक्षस धपकन चिखलात पडायचा. मुलं मुद्दाम चुकायला लागली. खरी गंमत तिथेच होती, मग ती दुसरं काय करणार?

म्हणून मूल चुकलं की काय होणार, याचा विचार आधी. नुसता भोंगा वाजवून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटल्याने मुलाला आपण कुठे आणि किती चुकलो ते कळत नाही. १९७०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणक प्रणालीवर ‘डार्ट्स’ नावाचा अपूर्णांकांचा खेळ होता. संख्यारेषेवर फुगे असत; फुग्याची जागा अंदाजाने टाइप केली की बाण तिथे जाई. फुगा हुकला तरी बाण कुठे लागला ते समोर दिसे आणि पुढचा अंदाज सुधारे. चूक अशी दिसायला हवी. चार पर्याय देणार असाल तर चारातली एक टिचकी नशिबानेच बरोबर येते, हेही धरून चाला.

सूचना आवाजात द्या, पहिलीतली सगळी मुलं सरसर वाचत नाहीत. पण आवाज बंद असतानाही खेळता यायला हवं, अख्खा वर्ग एकदम खेळायला लागला की कुणालाच काही ऐकू येत नाही. बटणं मोठी. डबल-क्लिक नको. माउस दाबून ओढायलाही शक्यतो लावू नका, बोट मध्येच सुटतं आणि गेम ते चुकीचं उत्तर धरतो. पुन्हा तेच! हात सुटणं वेगळं, न समजणं वेगळं. दोन्हींना एकच प्रतिसाद देऊ नका.

आधी कागदावर खेळून बघा. मग दोन-तीन मुलांना द्या, मागे बसा, तोंड उघडू नका. जिथे समजावून सांगावंसं वाटेल ती जागा टिपून ठेवा. आणि अख्खा गेम एकदा स्वतः, सगळी उत्तरं चुकीची देत खेळा. हे टाळू नकाच.

बाकी नेहमीचं: अर्धवट खेळ जतन होतोय का, जुन्या संगणकावर चालतोय का. वेळ मोजणारं घड्याळ नको. मुलांची नावं, फोटो गोळा करू नका.