लहान मुलांना फुटबॉलमधलं आक्रमण शिकवताना या चुका टाळा

कोनांमधून (सरावासाठी जमिनीवर ठेवलेल्या शंकूंमधून) सफाईदार ड्रिबल करणारा, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पळणारा दहा वर्षांचा मुलगा सामन्यात पहिल्याच बचावपटूपाशी चेंडू गमावतो. कोन पाय पुढे टाकत नाही, त्यामुळे कधी वळायचं हे ठरवायची वेळच त्याच्यावर आलेली नसते. नवी हालचाल पायात बसवायला पहिली आठ-दहा मिनिटं कोन जरूर वापरा. त्यानंतर समोर खराखुरा प्रतिस्पर्धी हवाच.

गोलसमोरची लांबलचक रांग

16 मुलं, एक गोल, एका शॉटला 10 सेकंद. म्हणजे 15 मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा शॉट. चौघांचे चार गट करून प्रत्येक गटाला दोन कोनांचा गोल द्या. तेवढ्याच वेळात वीसेक शॉट होतात. अंतर 8 ते 12 मीटर पुरे, आणि चेंडू थांबलेला नको, पासवर आलेला हवा. शॉट सतत वरून जात असेल, तर मुलाचा टेकवलेला पाय बघा: तो चेंडूच्या मागे राहिला की अंग मागे झुकतं. पाय चेंडूच्या बाजूला आणि छाती चेंडूवर आली की शॉट खाली राहतो.

एक विरुद्ध एक

15 × 10 मीटरची जागा, टोकाला 2 मीटरचे दोन छोटे गोल. गोल दोन असल्यामुळे हुलकावणीला अर्थ येतो. एक डाव आठ-दहा सेकंद, मग निदान तिप्पट विश्रांती. नाहीतर दमलेली मुलं नुसती ढकलाढकली करतात. जोड्या बदलत राहा. सतत हरणारं मूल हुलकावणी द्यायचंच सोडून देतं.

दोन विरुद्ध एक: सर्वात जास्त चुका इथेच

आमच्या मते आक्रमण शिकवायला याहून चांगला सराव नाही, आणि बिघडवायला इतका सोपाही नाही. जागा साधारण 20 × 15 मीटर ठेवा.

पास फार लवकर जातो, ही नेहमीची अडचण. बचावपटू अजून कुणावरच चालून गेलेला नसतो, त्यामुळे तो आरामात चेंडूमागे सरकतो. चेंडूवाल्याने थेट त्याच्या अंगावर धावायचं आणि दोन-तीन मीटर उरले की निर्णय घ्यायचा: तो आपल्याकडे आला तर पास, पासची वाट अडवायला सरकला तर स्वतःच पुढे. "पास दे!" असं बाहेरून ओरडू नका. निर्णय तुम्ही घेतलात तर मूल शिकणार काय?

दुसरी अडचण जोडीदाराची. तो बचावपटूच्या पाठीमागे लपतो किंवा चेंडूच्या आणि बचावपटूच्या पुढे पळून ऑफसाइड होतो, म्हणजे नियमबाह्य जागी सापडतो. त्याला सात-आठ मीटर बाजूला, चेंडूच्या किंचित मागे ठेवा. दोघं रेंगाळत असतील तर चार मीटर मागून दुसरा बचावपटू सोडा. वेग आपोआप वाढतो.

पावसाळ्यात चिखलात पास अडकतो. तेव्हा दोघांमधलं अंतर कमी करा.

छोट्या सामन्यातल्या अटी

चारास चार सामन्यात "तीन पास झाल्याशिवाय गोल नाही" ही अट घातली की समोर मोकळा गोल दिसत असूनही मुलं मागे पास देतात. "दोन स्पर्शांत चेंडू सोडायचा" या अटीने ड्रिबलच संपतं. त्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला चकवून केलेल्या गोलला दोन गुण द्या. सगळी मुलं चेंडूभोवती गोळा होत असतील तर तीनास तीन करा, मैदानाची रुंदी वाढवा आणि प्रत्येक बाजूला दोन गोल ठेवा.