आधी राऊटर उलटा करा, मग फर्मवेअर निवडा

राऊटरवर वेगळं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "काय भो, रेंज वाढेल का?" नाही वाढणार. अँटेना तोच, रेडिओची चिप तीच, आणि मोबाइल जेवढ्या ताकदीने उत्तर देतो तेवढ्याच ताकदीने देणार. धाब्याच्या जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंतीतून पाच गिगाहर्ट्‌झ आरपार नेणारं फर्मवेअर अजून कोणी लिहिलेलं नाही. तिथे माजघरापर्यंत केबल ओढून दुसरा राऊटर लावणं हाच उपाय. केळीच्या बागेचंही तसंच. पाण्याने भरलेली पानं सिग्नल पिऊन टाकतात, म्हणून मळ्यातल्या घरापर्यंत लिंक न्यायची असेल तर दोन्ही टोकांचे खांब बागेच्या डोक्यावर हवेत.

मग फर्मवेअर बदलून मिळतं काय? कंपनीने अपडेट बंद केलेल्या राऊटरला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. घरात कोणी मोठी फाइल चढवत असताना व्हिडिओ कॉल अडकत नाही. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवता येतं, जाहिराती राऊटरवरच अडवता येतात, आणि रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की घर आपोआप मोबाइलच्या नेटवर जातं. यातलं काहीच नको असेल तर कंपनीच्याच साइटवरचं ताजं फर्मवेअर टाका आणि इथेच थांबा.

फायबरवाल्याने बसवलेल्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, हात लावू नका. फायबरच्या टोकाची ओळख त्यात नोंदलेली असते. त्यावर अशी बाहेरची फर्मवेअरं चालत नाहीत, आणि बहुतेक वेळा डबा तुमच्या मालकीचाही नसतो. आपला राऊटर त्याच्या मागे केबलने जोडायचा.

आता राऊटर उलटा करा. स्टिकरवर मॉडेलच्या खाली बारीक अक्षरात व्हर्जन छापलेलं असतं. सगळा खेळ त्या आकड्याचा आहे. घरोघरी दिसणारा टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन घ्या. व्हर्जन १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम आहे. त्याच्यानंतर आलेल्या व्हर्जन १४ मध्ये ४ आणि ३२. म्हणजे नवा डबा जुन्यापेक्षा गरीब! आर्चर सी६ चंही तेच: व्हर्जन २ मध्ये क्वालकॉमची चिप, व्हर्जन ३ मध्ये मीडियाटेकची. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुना राऊटर घेणार असाल तर खोक्यावर विसंबू नका, डब्याखालचं स्टिकर वाचा. खोकं कुठलं आणि आतला डबा कुठला, असं जुन्या मालात सर्रास होतं.

मापं लक्षात ठेवा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्यांसाठी ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्या कधीच्याच बंद झाल्या. ८ आणि ६४ वर साधा राऊटर चालतो, पण जोडीला काही टाकायला जागा उरत नाही. जाहिराती अडवणं, दोन लाइन सांभाळणं असं काही मनात असेल तर १६ आणि १२८ पासून पुढे बघा.

चिप कोणाची, यावर निवड जवळजवळ आपोआप होते. मीडियाटेक किंवा क्वालकॉम अथेरॉस असेल तर ओपनडब्ल्यूआरटी. २००४ पासून चालत आलेला हा प्रकल्प आहे, अपडेट नियमित येतात, आणि हव्या त्या सोयी पॅकेज म्हणून जोडता येतात. ब्रॉडकॉम असेल तर ओपनडब्ल्यूआरटीच्या वाटेला जाऊ नका. राऊटर सुरू होईलही, पण वायफाय लंगडं चालेल, कारण ब्रॉडकॉमचे पूर्ण ड्रायव्हर खुले नाहीत. तिथे फ्रेशटोमॅटो हे फर्मवेअर बघा. ते ब्रॉडकॉमसाठीच आहे, आणि कोणत्या यंत्राने किती डेटा खाल्ला हे छान दाखवतं. डीडी-डब्ल्यूआरटीही ब्रॉडकॉमवर चालतं, मात्र त्याच्या साइटवरच्या राऊटर डेटाबेसमध्ये दिसणारा बिल्ड (तयार फाइल) कित्येकदा वर्षानुवर्षं जुना असतो. ताजा बिल्ड बीटा फोल्डरमध्ये सापडतो. असूसचा राऊटर असेल तर मर्लिन या फर्मवेअरच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का ते आधी पाहा. ते असूसच्याच कोडवर बेतलेलं आहे, त्यामुळे पडदे ओळखीचे राहतात आणि परत फिरणंही सोपं. घर मोजक्या डेटावर चालत असेल आणि प्रत्येक मोबाइलला कोटा लावायचा असेल, तर ओपनडब्ल्यूआरटीवरच बांधलेलं गार्गोइल सोयीचं पडतं. रिअलटेकचं वायफाय असलेला स्वस्तातला डबा मात्र तसाच राहू द्या.

निवड झाली की ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं पान पूर्ण वाचा. डाउनलोडमध्ये दोन फाइली दिसतील. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा येताना 'फॅक्टरी' लागते, ओपनडब्ल्यूआरटीवरून ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना 'सिसअपग्रेड'. फॅक्टरी नसेल तर त्या मॉडेलची वाट वेगळी आहे, ती पानावर दिलेली असते. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा ठसा) साइटवरच्या आकड्याशी जुळवून बघा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून तो काढता येतो. अर्धवट उतरलेली फाइल हे राऊटर मरण्याचं अगदी साधं कारण आहे. कंपनीचं मूळ फर्मवेअरही आत्ताच उतरवून ठेवा, नंतर नेट नसेल. पीपीपीओईचं (नेट कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि कंपनीने दिला असेल तर व्हीएलएएनचा (लाइनवरच्या वेगळ्या कप्प्याचा) आकडा वहीत लिहा. फोटो काढून क्लाउडवर ठेवलात तर ऐनवेळी तो उघडणार कशावर?

लाइटीचं आधी बघा. फ्लॅशवर लिहिणं चालू असताना वीज गेली की अर्धं जुनं आणि अर्धं नवं असं कडबोळं उरतं, राऊटर उठत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये लाइन बदलताना बसणारा झटका काही राऊटरना पुरतो. मिनी यूपीएस वापरणार असाल तर व्होल्टेज जुळवा: डब्ल्यूआर८४१एनला ९ व्होल्ट लागतात, आर्चर सी६ ला १२. मळ्यातल्या घरी लाइट ठरलेल्या तासांचीच असेल तर हे काम गावातल्या घरी उरका.

लॅपटॉप केबलने राऊटरच्या लॅन पोर्टला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, फायबरची केबल काढून ठेवा. राऊटरच्या अपग्रेडच्या पानावरून फॅक्टरी फाइल द्या. पान फाइल नाकारत असेल तर आधी तिचं नाव छोटं करून बघा, काही मॉडेलना लांब नाव चालत नाही. तरीही नाकारली तर बहुधा व्हर्जन किंवा देशाची आवृत्ती चुकली आहे. तिथे जबरदस्ती करू नका. फाइल स्वीकारली की पाच मिनिटं कशालाही हात लावायचा नाही, दिवे कसेही मिचकावोत.

यानंतर बरेच जण घाबरतात, कारण वायफायचं नाव कुठेच दिसत नाही. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वायफाय बहुतेक राऊटरवर सुरुवातीला बंदच असतं. केबलवरून १९२.१६८.१.१ उघडा, युजर रूट, पासवर्ड रिकामा. पहिल्यांदा पासवर्ड लावा. मग लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करा, कारण बऱ्याच ओएनटींचा पत्ताही १९२.१६८.१.१ असतो. दोघांचा पत्ता एकच राहिला तर फायबरची केबल लावताक्षणी नेट आणि राऊटरचं पान दोन्ही बेपत्ता. 'फर्मवेअर बिघडलं' म्हणून होणाऱ्या तक्रारींत ही चूक फार आढळते. वायफाय चालू करताना देश भारत निवडा. २०१८ पासून आपल्याकडे पाच गिगाहर्ट्‌झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना खुला आहे, चॅनेल कमी पडत नाहीत. दुसरा देश टाकून पॉवर वाढवणं बेकायदा, आणि राऊटरचं मोबाइलला ऐकू आलं तरी मोबाइलचा आवाज राऊटरपर्यंत पोचत नाही तो नाहीच.

नेट लागत नसेल तर केबलवाल्याने जुन्या राऊटरचा मॅक पत्ता (यंत्राची ओळख) बांधून ठेवला आहे का ते विचारा. असेल तर जुन्या डब्याच्या स्टिकरवरचा मॅक वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) सेटिंगमध्ये भरा.

कॉल अडकू नयेत यासाठी एसक्यूएमचं (लाइनवरची गर्दी आवरणारं) पॅकेज टाका, त्यातल्या पद्धतींच्या यादीतून केक निवडा, आणि मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के वेग भरा. एकक किलोबिट आहे. ९० एमबीपीएससाठी ९०००० लिहायचं. नुसतं ९० लिहिलं तर घरात बैलगाडीचं नेट येतं. हार्डवेअर ऑफलोड (पॅकेट चिपमधून परस्पर पाठवायची सोय) बंद ठेवा, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात. हे काम प्रोसेसरला जड आहे, डब्ल्यूआर८४१एनसारख्या डब्याकडून त्याची अपेक्षा नको.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. घरगुती राऊटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पत्र्याखाली टांगलेला राऊटर दुपारी दोनला अडकतो आणि रात्री सुरळीत चालतो, तेव्हा दोष फर्मवेअरचा नसतो. खाली आणा, भिंतीपासून सुटा ठेवा.

राऊटर उठलाच नाही तर? सेटिंग चुकलं असेल तर फेलसेफ (ओपनडब्ल्यूआरटीचा बचावाचा मोड) पुरतं: सुरू होताना दिवा भरभर मिचकू लागला की बटण दाबा, मग केबलवरून आत शिरून सगळं मूळ स्थितीत आणता येतं. फर्मवेअरच फाटलं असेल तर टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलना टीएफटीपीची (केबलवरून थेट फाइल चढवायची) वाट आहे. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्या, फायरवॉल बंद करा, टीएफटीपी सर्व्हरच्या फोल्डरमध्ये मॉडेलच्या पानावर दिलेल्या नेमक्या नावाने फाइल ठेवा, आणि रिसेट दाबून धरत राऊटर चालू करा. राऊटर जेमतेम काही सेकंद फाइल मागतो आणि तेवढ्यात लॅपटॉपचं पोर्ट जागंच झालेलं नसतं. मध्ये साधा स्विच लावला की लॅपटॉपची बाजू आधीपासून जिवंत राहते आणि फाइल जाते.

तेही जमलं नाही तर झाकण उघडून सिरियल, म्हणजे बोर्डला तारा जोडून राऊटरशी थेट बोलणं. त्यासाठी लॅपटॉपला लागणारा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टने चिप जळते. ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) अशा तीनच तारा जोडायच्या, तुमचा टीएक्स राऊटरच्या आरएक्सला आणि उलट. वेग बहुतेक राऊटरवर ११५२००. चौथी, व्हीसीसीची (विजेची) तार मोकळीच सोडा, राऊटर स्वतःच्या अडॅप्टरवर चालू द्या.